करण्याचा, करण्याची, करायला : इंग्रजीत कधी ‘टु’, कधी ‘ऑफ’?

निपाणी_नववी (प्रश्न)

मराठी माध्यमाच्या नववी-दहावीच्या वह्यांत एकाच जातीच्या चुका ढिगानं सापडतात. नमुने बघा:

‘देअर इज अ पॉसिबिलिटी टु रेन.’
‘ही हॅज द हॅबिट टु च्यू टोबॅको.’
‘आय गॉट परमिशन ऑफ गोइंग होम.’
‘शी हॅज डिफिकल्टी टु रीड.’
‘दे नीड अ हाउस टु लिव्ह.’
‘वी हॅव ऑब्जेक्शन टु पे द फी.’

व्याकरणाच्या पुस्तकात ‘इन्फिनिटिव्ह (म्हणजे ‘टु’ आणि क्रियापदाचं मूळ रूप) नामानंतर विशेषणासारखं येतं’ एवढी ओळ आणि दोन उदाहरणं. तेवढ्यानं यातली एकही चूक सुटत नाही. माझे प्रश्न तीन. एक, कुठल्या नामापुढे ‘टु’ आणि कुठल्यापुढे ‘ऑफ’ घेऊन आयएनजी (‘गो’चं ‘गोइंग’ असं रूप), याला काही नियम आहे की नुसतं पाठांतर? दोन, ‘हाउस टु लिव्ह इन’ मधल्या शेवटच्या ‘इन’ची गरज मुलांना पटेल असं कसं सांगायचं? तीन, ‘टु’पुढे क्रियापदाचं मूळ रूप असं वर्षभर घोकून घेतल्यावर ‘ऑब्जेक्शन टु पेइंग’ कुठून आलं?

शहापूर_पेठ

पहिल्या प्रश्नाचं दुखणं मराठीत आहे, इंग्रजीत नाही. ‘करण्याचा प्रयत्न’, ‘करण्याची शक्यता’, ‘करण्याची सवय’, ‘करण्याची परवानगी’. आपल्याकडे नाम कुठलंही असो, क्रियापदाला ‘-ण्याचा, -ण्याची’ जोडलं की काम भागतं. बोलताना ‘करायची परवानगी’, ‘करायची सवय’; साचा तोच. आपल्या बेळगाव भागातल्या पोरांच्या कानावर कन्नड असतं, पण तिथूनही मदत नाही, कारण ‘माडुव प्रयत्न’ आणि ‘माडुव साध्यते’ यांचाही साचा एकच. इंग्रजीत तो दोन ठिकाणी फुटतो, आणि कुठल्या बाजूला जायचं हे क्रियापद नाही, त्याच्या आधीचं नाम ठरवतं.

म्हणून शब्दांच्या वहीत ‘परमिशन म्हणजे परवानगी’ असं लिहून घेणं अर्धवट आहे. ‘परमिशन टु गो’, ‘हॅबिट ऑफ गोइंग’, ‘डिफिकल्टी इन गोइंग’ असं शेपटासकट लिहून घ्या. सगळीकडे ‘गो’च ठेवा, म्हणजे फरक कुठं आहे ते डोळ्यांना दिसतं.

नियम पूर्ण नाही, पण निम्म्याहून जास्त काम करणारी एक वाट आहे. नामाचं मूळ शोधायचं. ते ज्या क्रियापदावरून किंवा विशेषणावरून आलं, त्याला ‘टु’ लागत असेल तर बहुतेक वेळा नामालाही ‘टु’ लागतो. ‘डिसाइड टु’ वरून ‘डिसिजन टु’. तसंच ‘रिफ्यूज’चं ‘रिफ्यूजल’, ‘फेल’चं ‘फेल्युअर’, ‘अग्री’चं ‘अग्रीमेंट’, ‘टेंड’चं ‘टेंडन्सी’. ‘अटेम्प्ट, प्लॅन, प्रॉमिस, ऑफर, थ्रेट’ हीही त्यातलीच. विशेषणांकडून ‘एबल’ची ‘अॅबिलिटी’, ‘विलिंग’ची ‘विलिंगनेस’, ‘रिलक्टंट’ची ‘रिलक्टन्स’, ‘डिटरमिन्ड’ची ‘डिटर्मिनेशन’. या सगळ्यांपुढे ‘टु’ आणि मूळ रूप.

आता अपवाद, आणि पोरं नेमकी इथंच आपटतात:

‘पॉसिबल टु’, पण ‘पॉसिबिलिटी ऑफ’.
‘लाइकली टु’, पण ‘लाइकलीहुड ऑफ’.
‘होप टु विन’ हे क्रियापद, पण नाम ‘होप ऑफ विनिंग’.
‘लव्ह टु’, पण नाम ‘लव्ह ऑफ’.
‘प्रिफर टु’, पण ‘प्रेफरन्स फॉर’.

हे पाच फळ्याच्या कोपऱ्यात महिनाभर राहू द्या. बाकीचं आपोआप बसतं.

ज्या नामांना असं क्रियापदाचं मूळच नाही, तिथं अर्थाकडे बघून अंदाज बांधता येतो. माणसाची इच्छा, ताकद, हक्क, कर्तव्य, संधी, म्हणजे ‘पुढं काहीतरी करायचंय’ असा रोख असेल तर ‘टु’: ‘राइट, ड्यूटी, पॉवर, ऑपॉर्च्युनिटी, अर्ज (तीव्र इच्छा), करेज’. आपोआप घडणारी, नेहमी होणारी किंवा होऊन गेलेली गोष्ट असेल तर ‘ऑफ’: ‘रिस्क, डेंजर, हॅबिट, फिअर, कॉस्ट, एक्स्पिरियन्स’. अंदाजच आहे हा, कायदा नव्हे. ‘सक्सेस’ आणि ‘फेल्युअर’ एकमेकांच्या विरुद्ध अर्थाचे, पण ‘सक्सेस इन पासिंग’ आणि ‘फेल्युअर टु पास’. ‘सक्सीड’ला ‘इन’ लागतो आणि ‘फेल’ला ‘टु’, ते दोघे आपापल्या आईवर गेलेत, एवढंच.

काही नामं दोन्हीकडे जातात आणि अर्थ बदलतो. ‘चान्स टु विन’ म्हणजे जिंकायची संधी मिळाली. ‘चान्स ऑफ विनिंग’ म्हणजे जिंकण्याची शक्यता किती. त्यामुळे पावसाला ‘चान्स ऑफ रेन’च, पावसाला संधी कोण देणार? ‘रीझन टु लीव्ह’ म्हणजे निघून जावं असं कारण, माणूस अजून गेलेला नसेलही. ‘रीझन फॉर लीव्हिंग’ म्हणजे गेला त्याचं कारण. ‘वे टु’ आणि ‘वे ऑफ’ मात्र बहुतेक ठिकाणी अदलाबदल चालते. ‘इंटेन्शन’ दोन्ही घेतं, पण ‘विथ द इंटेन्शन ऑफ’ आणि ‘नो इंटेन्शन ऑफ’ या ठरून गेलेल्या जोड्यांत ‘ऑफ’च.

उद्यमबाग

‘पॉसिबिलिटी टु’ चूकच, असं सांगताना थोडं जपून. हायड्रॉलिक आणि सीएनसी मशिनांबरोबर युरोपातून जी माहितीपुस्तकं येतात, त्यांत ‘द पॉसिबिलिटी टु अॅडजस्ट द प्रेशर’ अशी वाक्यं सर्रास असतात. जर्मनमध्ये शक्यतेच्या शब्दापुढे ‘त्सु’ येतं, तेच इंग्रजीत उतरतं. आपण मराठीतून करतो ती चूक ते जर्मनमधून करतात. मुलं इंटरनेटवर असलं वाक्य दाखवून ‘सर, हे छापलंय की’ म्हणतील, तेव्हा एवढं ठाऊक असलेलं बरं.

प्रत्यक्ष वापर तपासायचा असेल तर गुगलच्या साध्या शोधातल्या ‘इतके लाख निकाल’ या आकड्यावर जाऊ नका, तो भरवशाचा नाही. फुकटातली साधी सोय म्हणजे गुगल बुक्सचा एन-ग्रॅम व्ह्यूअर; छापील पुस्तकांत एखादा तुकडा किती येतो ते तो रेषेनं दाखवतो. तिथं:

१. एका ओळीत ‘पॉसिबिलिटी ऑफ’ आणि स्वल्पविराम देऊन ‘पॉसिबिलिटी टु’ टाका. दोन रेषा येतात, त्यांच्यातलं अंतर बघा.

२. ‘टु’नंतर एक जागा सोडून तारांकन टाकलं की त्या जागी सर्वांत जास्त येणारे दहा शब्द मिळतात. तारांकनाला चिकटून अंडरस्कोर आणि मोठ्या अक्षरांत ‘व्हर्ब’ लिहिलं तर फक्त क्रियापदं.

३. ‘अटेम्प्ट’, ‘प्लॅन’, ‘नीड’, ‘ऑफर’ ही नामंही आहेत आणि क्रियापदंही. त्यांना चिकटून अंडरस्कोर आणि ‘नाउन’ लावला नाही, तर ‘दे प्लॅन टु गो’ सुद्धा मोजणीत धरलं जातं आणि निकाल फसवा येतो.

एका वेळी पाच शब्दांपेक्षा लांब तुकडा तिथं चालत नाही, आणि चाळीसपेक्षा कमी पुस्तकांत आलेला तुकडा दिसतच नाही. म्हणजे रेषा आली नाही याचा अर्थ ‘कुणीच लिहिलं नाही’ असा नव्हे.

वाक्यासकट बघायचं तर कॉर्पस, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या मजकुराचा शोधता येणारा संग्रह: ब्रिटिश नॅशनल कॉर्पस, सुमारे दहा कोटी शब्दांचा, किंवा अमेरिकन इंग्रजीचा कोका, शंभर कोटींच्या वर. दोन्हींचा शोध मोजक्या प्रमाणात फुकट आहे, खातं काढावं लागतं. आकडा बघून थांबू नका, निदान वीस ओळी वाचा. ‘पॉसिबिलिटी टु’ शोधलं की ‘फ्रॉम पॉसिबिलिटी टु रिअॅलिटी’ असलेही तुकडे येतात. त्यात ‘टु’ क्रियापदाचा नाहीच. आणि ‘अ पॉसिबिलिटी टु कन्सिडर’ असंही येतं, ते तर चक्क बरोबर आहे.

निपाणी_नववी

थांबा, ‘पॉसिबिलिटी टु कन्सिडर’ बरोबर कसं? आत्ताच तर ‘ऑफ’ म्हणालात.

खडेबाजार

तोच तुमचा दुसरा प्रश्न आहे, म्हणून इथंच उत्तर देतो.

नामापुढे ‘टु’ येण्याच्या वाटा दोन आहेत, आणि मराठीत त्या छान वेगळ्या दिसतात. एक ‘-ण्याचा’वाली, जिच्याबद्दल वर शहापूर सरांनी लिहिलंय. दुसरी ‘-आयला’वाली: प्यायला पाणी, लिहायला पेन, राहायला घर, बोलायला माणूस. पहिल्या वाटेत क्रिया ही त्या नामाचा मजकूर असते. निर्णय कसला, तर जाण्याचा. दुसऱ्या वाटेत ते नाम त्या क्रियेत स्वतः भाग घेतं. पाणी प्यायलं जातं, घरात राहिलं जातं. ‘अ पॉसिबिलिटी टु कन्सिडर’ दुसऱ्या वाटेनं आलंय: विचारात घ्यायला एक शक्यता. या वाटेनं जवळपास कुठलंही नाम जाऊ शकतं, तिथं याद्या पाठ करायची गरज नाही.

गरज आहे ती एका तपासणीची. नाम उचलून क्रियापदाच्या मागे ठेवून बघायचं.

‘ड्रिंक वॉटर’ जमतं, म्हणून ‘वॉटर टु ड्रिंक’.
‘लिव्ह हाउस’ जमत नाही, ‘लिव्ह इन अ हाउस’ लागतं, म्हणून ‘हाउस टु लिव्ह इन’.
‘राइट पेन’ नाही, ‘राइट विथ अ पेन’, म्हणून ‘पेन टु राइट विथ’.
‘टॉक अ मॅन’ नाही, ‘टॉक टु अ मॅन’, म्हणून ‘समवन टु टॉक टु’. शेवटचा ‘टु’ पोरं हमखास खातात.

नाम पुढं गेलं, पण त्याचा जोडीदार जागेवरच राहिला, असं सांगितलं की मुलांना पटतं. मराठीत ‘राहायला घर’ म्हणताना ‘घरात’ मधला ‘त’ आपण टाकून देतो, कन्नडमध्येही ‘कुडियाक नीर’, ‘बरियाक पेन्’ म्हणताना काही उरत नाही. इंग्रजीत तो टाकता येत नाही. याची गंमत ‘पेपर’वर दाखवा: ‘पेपर टु राइट ऑन’ म्हणजे लिहायला कोरा कागद. ‘ऑन’ खाल्ला की ‘अ पेपर टु राइट’, म्हणजे परीक्षेचा पेपर लिहायचा राहिलाय.

उलट चूकही असते: ‘अ बुक टु रीड इट’. ‘बुक’ आधीच येऊन गेलंय, त्याची जागा रिकामीच सोडायची, ‘इट’नं भरायची नाही.

सूट दोन ठिकाणी. ‘प्लेस, टाइम, वे’ या शब्दांमागे जोडीदार सहसा गाळतात: ‘अ प्लेस टु लिव्ह’ चालतं, ‘अ हाउस टु लिव्ह’ चालत नाही. आणि क्रियापदाला स्वतःचं कर्म असेल तर ‘विथ’ ऐच्छिक होतो: ‘अ सिकल टु कट केन’ किंवा ‘अ सिकल टु कट केन विथ’, दोन्ही ठीक. नुसतं ‘अ सिकल टु कट’ मात्र ऐकणाऱ्याला असं वाटवतं की विळाच कापायचाय.

‘पिण्याचं पाणी’ या दोन्हींत बसत नाही. तो पाण्याचा प्रकार झाला, म्हणून ‘ड्रिंकिंग वॉटर’. नळाला ‘ड्रिंकिंग वॉटर’ येतं, तहानलेल्याला ‘वॉटर टु ड्रिंक’ देतात.

‘फर्स्ट, लास्ट, ओन्ली’ यांच्यापाठचा ‘टु’ही याच घरातला. गांधीजी काँग्रेसच्या एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष होते, डिसेंबर १९२४ च्या बेळगावच्या. इंग्रजीत: ‘द ओन्ली काँग्रेस सेशन टु बी प्रिसायडेड ओव्हर बाय गांधीजी’. जुन्को ताबेई यांनी १९७५ मध्ये एव्हरेस्ट सर केलं: ‘द फर्स्ट वूमन टु क्लाइंब एव्हरेस्ट’. गोष्ट भूतकाळातली असली तरी ‘टु’पुढे ‘क्लाइंब्ड’ होत नाही. काळ मुख्य क्रियापद सांभाळतं. ‘टु क्लाइंब्ड’, ‘डिसिजन टु वेंट’ या चुकांवर वेगळा धडा लागतो, पण तो अर्ध्या तासाचा.

भाषांतर_चिकोडी

तिसरा प्रश्न. इंग्रजीत दिसायला सारखे असे दोन ‘टु’ आहेत. एक क्रियापदाच्या मूळ रूपाचा, दुसरा आपल्या ‘-ला’ किंवा ‘-कडे’सारखा शब्दयोगी. दुसऱ्यापुढे नाम येतं. क्रियापद आणायचंच असेल तर त्याला आयएनजी लावून नाम करावं लागतं. ओळखायची युक्ती: ‘टु’पुढे ‘इट’ ठेवून बघा. ‘ऑब्जेक्शन टु इट’ जमलं, म्हणून ‘ऑब्जेक्शन टु पेइंग’. ‘डिसिजन टु इट’ जमत नाही, म्हणून ‘डिसिजन टु पे’. ‘ऑब्जेक्शन, अॅप्रोच, सोल्यूशन, रेझिस्टन्स, अॅडिक्शन’ आणि किल्ली या अर्थाचं ‘की’, हे सगळे ‘इट’वाले. ‘कमिटमेंट’ला दोन्ही चालतात.

ही युक्ती एका शब्दावर फसते, आणि तो नेमका रोजच्या कागदपत्रांतला आहे: ‘राइट’. २००५ चा कायदा ‘राइट टु इन्फर्मेशन’, २००९ चा ‘राइट टु एज्युकेशन’; दोन्हींत ‘टु’पुढे नाम. पण मताचा हक्क ‘राइट टु व्होट’, हक्काने करण्याची क्रिया ती ‘टु’ आणि मूळ रूपात. ‘राइट टु व्होटिंग’ लिहिलेले फलक बघितलेत, ते या दोघांची खिचडी आहे.

भाषांतरात खरी कसरत क्रमाची असते. ‘बारा शहरांची नावं बदलण्याचा राज्य सरकारचा निर्णय १ नोव्हेंबर २०१४ पासून लागू झाला’, ज्यात बेळगावचं बेळगावी झालं. मराठीत आधी क्रिया, मग कर्ता, शेवटी नाम. इंग्रजीत उलटं: ‘द स्टेट गव्हर्न्मेंट्स डिसिजन टु रीनेम ट्वेल्व्ह सिटीज’. कर्ता आधी ठेवता येत नसेल तर ‘द डिसिजन बाय द गव्हर्न्मेंट टु रीनेम’. नाम आणि ‘टु’ यांच्यात असा तुकडा शिरला की विद्यार्थी ‘टु’ कुणाचा ते हरवतात. त्यांना डिसिजनपासून रीनेमपर्यंत पेन्सिलीनं बाण काढायला लावा. आणि ‘सरकारने रस्ता दुरुस्त करण्याची गरज’ याला ‘नीड ऑफ गव्हर्न्मेंट’ नाही, ‘द नीड फॉर द गव्हर्न्मेंट टु रिपेअर द रोड’. ‘टु’च्या आधी कर्ता सांगायचा तर ‘फॉर’ लागतो.

वर्तमानपत्राचे मथळे उदाहरणाला घेऊ नका. ‘मिनिस्टर टु व्हिजिट अथणी’ हे नाम आणि इन्फिनिटिव्ह दिसतं, पण तो ‘इज टु व्हिजिट’ मधला ‘इज’ जागा वाचवायला कापलाय. ‘कौन्सिल प्लॅन टु वाइडन रोड’ मध्ये तर ‘प्लॅन’ नाम की क्रियापद, हे बातमी वाचल्याशिवाय कळत नाही.

निपाणी_नववी

फार मदत झाली. एक उरलं. ‘आयडिया ऑफ गोइंग’ शिकवायचं, तर ‘इट इज अ गुड आयडिया टु गो’ कसं? आणि निबंधात ‘माय एम इज टु बिकम अ डॉक्टर’ लिहितात त्याला हात लावायचा का?

शहापूर_पेठ

लावू नका, दोन्ही बरोबर. ‘इट इज अ गुड आयडिया टु गो’ मध्ये ‘टु गो’ आयडियाला चिकटलेलं नाही, ते सुरुवातीच्या ‘इट’चा अर्थ आहे: जाणं, ही चांगली कल्पना. ‘टु गो’ उचलून आधी नेलं तरी वाक्य उभं राहतं. ‘इट इज अ मिस्टेक टु’, ‘इट इज अ प्लेझर टु’ तसेच. ‘एम’चंही वेगळं कारण: मध्ये ‘इज’ आला की तो तराजूसारखा दोन बाजू जोडतो, आणि पलीकडे ‘टु’ चालतो. ‘द आयडिया इज टु’, ‘द पर्पज इज टु’ हेही चालतात. ‘इज’ काढलात की मग ‘विथ द एम ऑफ बिकमिंग’. नववीला खाडाखोड करायची असेल तर ‘माय एम टु बिकम अ डॉक्टर’ला करा, त्यात क्रियापदच नाही.

खडेबाजार

नकारार्थीचं राहिलं. ‘न जाण्याचा निर्णय’ म्हणजे ‘डिसिजन नॉट टु गो’, ‘नॉट’ ‘टु’च्या आधी. ‘टु नॉट गो’ बोलण्यात आणि जालावर दिसतं, पेपरात नको. ‘ऑफ’वाल्यांत ‘नॉट’ आयएनजीच्या आधी: ‘रिस्क ऑफ नॉट गेटिंग पेड’. ‘नो डिसिजन टु गो’ झालं तर अर्थच वेगळा, जायचा निर्णय अजून झालेला नाही.

उद्यमबाग

आणि टिळकवाडीत गल्लोगल्ली दिसणारी ‘टु लेट’ची पाटी फळ्यावर घ्या की. पूर्ण वाक्यांश ‘हाउस टु लेट’. ‘लेट अ हाउस’ जमतं, म्हणून मागे काही उरत नाही. भाड्यानं घेणाऱ्याला हवं असतं ते मात्र ‘अ हाउस टु लिव्ह इन’. एकच घर, एका बाजूनं ‘इन’ नाही आणि दुसऱ्या बाजूनं ‘इन’शिवाय चालत नाही. तसंच ‘देअर इज नथिंग टु डू’ म्हणजे रिकामपण, कंटाळा. ‘देअर इज नथिंग टु बी डन’ म्हणजे आता इलाज नाही. नोटिशीत ‘डॉक्युमेंट्स टु बी सबमिटेड’ लिहितात, कारण कुणी द्यायची ते तिथं सांगायचं नसतं. अर्जदाराला स्वतःच्या यादीत मात्र ‘डॉक्युमेंट्स टु सबमिट’ पुरे.